जागच्या जागी हलणारे

वर्षातून दोनदा लॅबला बाहेरच्या एका संस्थेकडून पाच छोटे व्हिडिओ यायचे. पाच पुरुषांच्या वीर्याचे नमुने, सूक्ष्मदर्शकाखाली टिपलेले. माणूस कोण, वय काय, काहीच लिहिलेलं नसे. दोन तंत्रज्ञांनी वेगवेगळं बसून ते मोजायचे आणि एकमेकांना न सांगता आकडे पाठवून द्यायचे. महिन्याभराने निकाल यायचा: कोणाचा डोळा अचूक आहे, कोणाचा घसरलाय.

मोजायचं ते एवढंच, की शंभरातले किती शुक्रजंतू पुढे सरकतात, किती जागच्या जागी हलतात आणि किती हलतच नाहीत. नवख्याला पहिल्या दोहोंतला फरक लवकर कळत नाही, कारण शेपूट दोघांचीही हलते. फरक पोचण्यात असतो. जागच्या जागी हलणारा तासभर हलला तरी तिथेच असतो.

त्या मंगळवारी निकाल आला. मास्तर आणि धाकटी, दोघांनाही पाचपैकी पाच.

मास्तरांना मास्तर म्हणत, कारण अठ्ठावीस वर्षांत या लॅबमध्ये जो कोणी मोजायला शिकला तो त्यांच्याकडेच. वय चोपन्न. धाकटीला धाकटी म्हणत, कारण ती आली तेव्हा तिच्याच नावाची एक थोरली इथे होती. थोरली निवृत्त झाली, ही छत्तीस वर्षांची, दोन मुलांची आई झाली, तरी धाकटीच राहिली.

"आता तरी मान्य करा, मास्तर. शिष्य गुरूच्या बरोबरीला आला."

"बरोबरीला कसली, पुढे गेलीस. चौथ्यात मी एकाने चुकलो होतो, तेवढी सूट असते म्हणून धरलं."

"चौथा म्हणजे तो बिचारा. शंभरात अकराच. बाकीचे सगळे कीर्तनाला बसल्यासारखे माना डोलवत होते."

मास्तर हसले. "एवढा बिचारा होता तर दोनचार वाढवायचे होतेस."

"तो काय आपला काका आहे?" धाकटी काचा पुसता पुसता म्हणाली. "व्हिडिओला वय नसतं. वय दिसलं असतं तर मोजला असता सैल हाताने."

मास्तर पुढचा नमुना घ्यायला वळले होते. ते वळलेले तसेच थांबले.

सैल हात हा शब्द त्यांचाच होता. बावीस वर्षांपूर्वी क्रेन चालवणारा एक माणूस रिपोर्ट घ्यायला खिडकीशी आला होता. वय त्रेपन्न, दुसरं लग्न. मागे रांग होती. त्याने कागद तिथेच उघडून वाचला, एकोणीस हा आकडा बोटाने दाबून धरला आणि म्हणाला, "साहेब, परत एकदा बघता का? नीट बघा." कप अजून फेकलेला नव्हता. मास्तरांनी परत पाहिलं. या वेळी ज्यांची शेपूट जोरात हलत होती त्यांनाही त्यांनी पुढे सरकणाऱ्यांत धरलं. धडपडतोय ना, मग धर. एकोणिसाचे तेहतीस झाले. तिसाच्या वर म्हणजे ठीक. क्रेनवाला "वाटलंच होतं" म्हणाला, कागदाची घडी खिशात घातली आणि आला होता त्यापेक्षा दोन बोटं उंच होऊन गेला.

तेव्हापासून पन्नाशीच्या पुढचा माणूस आला की मास्तरांचा हात सैल पडायचा. लिहिलेला आकडा त्यांनी कधी खोडला नाही, वाढवला नाही. खोटी नोंद करणाऱ्यांतले ते नव्हते. ते फक्त बघतानाच जरा मायेने बघायचे.

"माझे," ते म्हणाले.

"काय तुमचे?"

"माझे तीन रिपोर्ट तू मोजलेस. गेल्या चौदा महिन्यांत."

लॅबमध्ये नियम होता, कोणी स्वतःचा नमुना मोजायचा नाही. मास्तरांचे तिन्ही नमुने धाकटीच्या टेबलावर गेले होते. अडतीस, छत्तीस, सदतीस.

धाकटीने पुसलेली काच पुन्हा पुसायला घेतली.

"खरे किती होते?"

"ते कसं सांगू?" ती हळूच म्हणाली. "खरे मी मोजलेच नाहीत. आधी मोजून मग वाढवलं तर ती खोटी नोंद होते, म्हणून मोजतानाच सैल मोजायचं, असं तुम्हीच सांगितलंत. थांबा, लिहूनसुद्धा घेतलंय."

तिने खणातून तिची शिकाऊ दिवसांतली वही काढली. निळ्या शाईत क्रमांक घातलेले नियम. तेरा: भिंग पुसायला कापूस वापरू नये. चौदा: पन्नाशीनंतर हात सैल. पंधरा: कपावरची वेळ आधी बघावी.

गुरूची विद्या गुरूला फळली, दुसरं काय. मास्तरांनी वही मिटून तिच्या हातात दिली.

"तुमचा कडक मोजायचा हे मला कळायला हवं होतं का?" धाकटीने विचारलं. तिचे डोळे भरले होते. "मला वाटलं, मास्तरांसाठी एवढं तरी."

"तुझं नाही चुकलं," मास्तर म्हणाले. 

त्या तीन आकड्यांवर काय काय उभं होतं ते त्यांना पाठ होतं. लग्न होऊन चार वर्षं झाली होती. धाकट्या भावंडांचं करता करता मास्तरांचं लग्न राहून गेलं होतं. पन्नाशीला त्यांनी लग्न केलं तेव्हा बायको चौतीसची होती. पहिल्याच भेटीत तिने आडपडदा न ठेवता विचारलं होतं, "मला मूल हवंय. तुमचं वय बघता जमेल का?" मास्तर म्हणाले होते, "मी रोज तेच बघतो. बाईला वयाचं बंधन असतं, पुरुषाला तेवढं नसतं. पन्नाशी-पंचावन्नचे कितीतरी येतात, चांगले असतात त्यांचे रिपोर्ट."

ते खोटं बोलले नव्हते. रजिस्टरात तसंच दिसत होतं. त्या नोंदी स्वतःच्याच सैल हाताने झाल्यात, हे बोलताना त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

अडीच वर्षं काही झालं नाही म्हणून दोघं डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाईंनी मास्तरांचा रिपोर्ट पाहिला. "यांचं उत्तम आहे हो. या वयात असं क्वचित दिसतं," असं म्हणून त्यांनी आपली फिरती खुर्ची मास्तरांच्या बायकोकडे वळवली. ती खुर्ची परत मास्तरांकडे वळलीच नाही. चौदा महिने झाले. गोळ्या झाल्या, पोटातली इंजेक्शनं झाली, गर्भनळ्यांचा फोटो झाला. तो काढताना ती ओठ चावून पडून राहिली होती. तिचं वजन सहा किलो वाढलं. दोष काही सापडला नाही, म्हणून आता येत्या शुक्रवारी सकाळी आठ वाजता तिला भूल देऊन, पोटाला तीन छिद्रं पाडून, दुर्बिणीने आत बघणार होते.

आणि दर महिन्याला पाळी आली की ती न्हाणीघरातून बाहेर येऊन म्हणायची, "आली. सॉरी हं." मास्तर म्हणायचे, "असू दे गं." किती मोठ्या मनाने म्हणायचे.

त्याच दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, मास्तर झाकणाचा कप घेऊन नमुन्याच्या खोलीत गेले. खोली त्यांनीच लावलेली होती. एक खुर्ची, बेसिन, शर्ट अडकवायला खुंटी, खिडकीच्या काचेला पांढरा रंग, भिंतीत कप ठेवायचा छोटा झरोका. या खोलीत त्यांनी हजारो माणसं पाठवली होती. पंचविशीतली मुलं पाच मिनिटांत कप ठेवून निघून जात. पन्नाशीच्या पुढचे अर्धा तास, पाऊण तास आतच. मास्तर दाराबाहेरून सांगायचे, "सावकाश होऊ द्या, काका. घाई नाही." आपण फार दिलासा देतोय असं त्यांना वाटायचं.

आता खुर्चीवर बसल्यावर त्यांना कळलं की हे वाक्य आतल्या माणसाला कसं ऐकू येत असेल.

गेले नऊ दिवस घरी काही झालं नव्हतं. तसं वर्षभर कमीच होत होतं. बायको भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने चार तारखांना गोल करायची, आणि त्यातल्या दोन तारखांना मास्तरांचं अंग ऐनवेळी दगा द्यायचं. ते म्हणायचे, आज उभं राहून राहून पाय गेलेत. ते म्हणायचे, पित्त झालंय. रक्तदाबाच्या गोळीने असं होतं, वयाने होतं, दोन्ही मिळून तर हमखास होतं, हे त्यांनी इतर काकांना समजावलं होतं. घरी मात्र पित्तच होत राहिलं.

पस्तीस मिनिटांनी त्यांनी कप झरोक्यात ठेवला. मोहिमेचा शेवट व्हावा तसा दम लागला होता. कपात पूर्वीच्या निम्मंही नव्हतं.

त्यांनी कपावर नुसता क्रमांक लिहिला आणि अर्ध्या तासाने तो धाकटीसमोर ठेवला.

"वय लिहायचं राहिलं," ती सवयीने म्हणाली.

"मुद्दाम."

तिने मान वर करून पाहिलं आणि लगेच खाली घातली. मग मोजलं. डोळा भिंगाला, डावा हात आकडे धरायच्या छोट्या यंत्राच्या बटणांवर, टक्, टक्. पुढे सरकणाऱ्यांचं बटण फारसं वाजत नव्हतं. मास्तर पाठीशी उभं राहून ते ऐकत होते. अठ्ठावीस वर्षांनंतर बटणांच्या आवाजावरूनच त्यांना रिपोर्ट कळायचा.

"तेरा," धाकटी म्हणाली.

मास्तर बसले. नियम मोडून त्यांनी स्वतःही पाहिलं. पांढुरक्या उजेडात त्यांचेच ते, शेपट्या हलवत, आपापल्या जागी. बहुतेक तसेच. एकदोन तर गोल गोल फिरत होते. त्यांचे चौदा आले.

"एका नमुन्यावर काही ठरत नसतं," धाकटी म्हणाली. हेही तिला त्यांनीच शिकवलं होतं.

"नसतं," मास्तर म्हणाले.

हे वाक्य त्यांना दोन दिवस पुरलं.

मंगळवारी रात्री त्यांनी बायकोला काही सांगितलं नाही, कारण दुसरा नमुना दिल्याशिवाय बोलणं बरोबर नव्हतं. दुसरा नमुना मध्ये दोन-तीन दिवस गेल्याशिवाय देता येत नाही. म्हणजे शुक्रवार. शुक्रवारी सकाळी आठला तिला भूल देणार होते. हे गणित त्यांच्या डोक्यात इतक्या सरळ जुळलं की ते स्वतःच दचकले. त्यापुढचं गणितही जुळत होतं: दुर्बिणीतून कदाचित काहीतरी सापडेलच. सापडलं तर तेरा आणि चौदा कोणाला सांगायची वेळच येणार नाही. झाकली मूठ.

बुधवारी तिच्या रक्ताच्या तपासण्या होत्या. मास्तर अर्धी रजा टाकून बरोबर गेले. तिच्या शिरा लवकर सापडत नाहीत. नर्सने डाव्या हाताला दोनदा टोचलं, मग उजव्या. बायकोने मान वळवली आणि मास्तरांचा हात घट्ट धरला.

"तुम्ही आहात म्हणून बरंय," ती म्हणाली. "एकटीला भीती वाटली असती."

मास्तर म्हणाले, "झालं, झालं. संपलंच."

ती गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड बेतायची. लांब टेबलावर चाळीस थर एकावर एक अंथरायचे, वरच्या थरावर खडूने आखायचं आणि यंत्राने एकदम कापायचं. रेघ एक सूत हुकली तर चाळीसही सदरे वाया. म्हणून ती तीनदा मोजायची. घरीसुद्धा. गुरुवारी संध्याकाळी मास्तर आले तेव्हा ती दवाखान्याची पिशवी भरत होती. पोटाला टाके असताना नाडी आवळायला नको, म्हणून तिने स्वतःसाठी पुढून उघडणारा सैल झगा शिवला होता, आणि तो अंगाला लावून बघत होती.

"कसा आहे? तंबू वाटतोय ना?"

"बस जरा."

"बसते. आधी सांगा, कसा आहे?"

"चांगला आहे. बस."

ती पलंगाच्या कडेला बसली, झगा मांडीवर. मास्तरांनी खिशातून दोन कागद काढले. एक गेल्या महिन्याचा, सदतीसचा. दुसऱ्यावर नाव नव्हतं, धाकटीच्या अक्षरात फक्त तेरा आणि त्याखाली त्यांच्या अक्षरात चौदा.

"हा माझा खरा आहे. आधीचे तिन्ही चुकीचे."

तिने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. "चुकीचे म्हणजे? मशीन बिघडलं होतं?"

"मशीन नसतंच. डोळ्याने मोजतात."

मग त्यांनी सगळं सांगितलं. क्रेनवाला, सैल हात, वहीतला चौदावा नियम. ती मध्ये बोलली नाही. कारखान्यात कोणी चूक कबूल करायला आलं की ती अशीच ऐकत असावी.

"म्हणजे वरची रेघच चुकली," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"आणि खाली मी."

तिने तेराचा कागद वर उचलला.

"तेरा म्हणजे किती वाईट? मला समजेल असं सांगा."

"अशक्य नाही. पण आपोआप होणं कठीण. त्यात माझ्या वयाला जंतूंच्या आतला मालमसालाही खराब व्हायला लागतो, तो या आकड्यात दिसत नाही. गर्भ राहिला तरी पडण्याचा धोका जास्त. उपाय आहेत, पण ते वेगळे. हे तुझं सगळं..." ते थांबले. "याची गरज होती की नव्हती हेच कोणी बघितलं नाही. माझा कागद चांगला होता म्हणून."

"लग्नाआधी तुम्ही म्हणाला होतात, पुरुषाला वय नसतं."

"मला तसंच वाटत होतं. रजिस्टरात..."

"रजिस्टर कोण लिहायचं?"

"मीच."

ती हसली, पण ते हसू चांगलं नव्हतं. "वा. आपणच परीक्षा घ्यायची, आपणच पास करायचं, आणि वर पेढे मागायचे."

"अजून एक आहे," मास्तर म्हणाले. आता निघालंच होतं. "ते पित्त वगैरे काही नसायचं. मला जमायचं नाही. वयाने, गोळीने."

"दर वेळी?"

"निम्म्या वेळी."

"मला वाटलं मी जाड झालेय म्हणून." ती झग्याच्या शिवणीवरून बोट फिरवत म्हणाली. "मी रात्रीचं जेवण सोडलं होतं, अहो. इंजेक्शनं चालू असताना. तुम्ही समोर बसून म्हणायचात, खा गं थोडं."

तिने झगा घडी करून बाजूला ठेवला. 

"हे तुम्हाला कधी कळलं?"

मास्तर याच प्रश्नाला भीत होते. "परवा दुपारी."

तिने बोटं मोजली नाहीत, पण मोजल्यासारखं पाहिलं. "परवा. म्हणजे काल माझं रक्त काढलं तेव्हा माहीत होतं."

"हो."

"माझा हात धरला होतात तेव्हा."

"दुसरा नमुना होईपर्यंत नक्की म्हणता येत..."

"ते मला सांगू नका. चूक कळल्यावर कापणी चालू ठेवतात का? आधी यंत्र बंद करतात, मग शोधतात काय झालं ते." ती उठली. आवाज चढला नव्हता, तेच मास्तरांना कठीण जात होतं. "फोन करा. तिथे सात वाजेपर्यंत उचलतात."

"तू केलास तर..."

"मी का? मी काय केलंय? तुम्ही करा. आणि कारण सांगा. घरगुती अडचण, ताप, असलं काही नाही. खरं कारण सांगितल्याशिवाय फोन ठेवायचा नाही."

मास्तरांनी फोन लावला. ती समोर उभी राहिली.

"उद्या आठची दुर्बीण रद्द करायचीय," ते म्हणाले. पलीकडून स्वागतकक्षातली मुलगी काहीतरी बोलली. "नाही, बरी आहे ती. कारण... नवऱ्याचा रिपोर्ट चुकीचा होता. हो, माझाच. नाही, चांगला नव्हता, चांगला लिहिला होता. कोणत्या लॅबचा म्हणजे... आमच्याच. मीच तिथे... हो, तोच मी. नीट लिहून घ्या. डॉक्टरीणबाईंना दाखवा. शंभरात तेरा. एकावर तीन."

फोन ठेवला तेव्हा त्यांच्या बगला भिजल्या होत्या. बायको पिशवीतून टॉवेल, फणी, चपला काढून जिथल्या तिथे ठेवत होती.

"उद्या माझी रजा मांडलेली आहे," ती पाठमोरी म्हणाली. "मी झोपणार आहे. तुम्ही लॅबमध्ये जा आणि मालकांनाही असंच सांगा. माझ्यासारख्या किती जणी आहेत ते मला हवंय."

"नावं बाहेर सांगता येत नाहीत."

"नावं कोणी मागितली? किती, ते विचारलं."

शुक्रवारी सकाळी आठ वाजता, ज्या वेळी तिला भूल द्यायची होती, मास्तर मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत उभे होते. मोठे डॉक्टर लॅबचे मालक, वय एकाहत्तर. त्यांनी सगळं ऐकून चष्मा काढला.

"किती वर्षं?"

"बावीस."

"आणि तुला वाटलं तू पुण्य करतोयस."

"हो."

"बाहेरून येणाऱ्या तपासणीत दर वेळी पाचपैकी पाच. मी ते सर्टिफिकेट भिंतीवर लावतो." डॉक्टर त्या भिंतीकडे वळले. "त्या माणसांना तू काय दिलंस, मास्तर? घरी जाऊन बायकोवर ढकलायची सोय."

मास्तरांनी मान खाली घातली. "धाकटीचा यात दोष नाही. मी शिकवलं तसं तिने केलं."

"ती छत्तीसची आहे. पाळण्यातली नाही. तिच्याशी मी बोलतो. तू आजपासून टेबलावर बसायचं नाहीस. रजिस्टरं काढ. पन्नाशीच्या पुढचे सगळे परत बोलवायचे. फोन तू करायचेस."

रजिस्टरं पाच वर्षं ठेवत, मग रद्द करत. मास्तरांनी पट्टी धरून एकेक ओळ खाली सरकवली. चौतीस, पस्तीस, एकतीस, छत्तीस. पन्नाशीच्या पुढच्यांचे आकडे इतके एकसारखे होते, की एखाद्या शाळकरी पोराचीही कॉपी पकडली गेली असती. ते धाकटीला कधी दिसले नाहीत, मोठ्या डॉक्टरांना नाहीत, खुद्द मास्तरांनाही नाहीत.

दुपारी त्यांनी पहिला फोन केला. एका बाईने उचलला. "ते गॅरेजवर गेलेत. मी मिसेस. काय काम होतं?" मास्तर म्हणाले, त्यांच्याशीच बोलायचं होतं, नंतर करतो. बाई म्हणाल्या, "लॅबमधून ना? माझे रिपोर्ट का? परत काही निघालं का माझ्यात?"

"नाही हो," मास्तर म्हणाले. "तुमच्यात नाही." याच्या पुढे एक शब्द बोलायची त्यांना परवानगी नव्हती.

संध्याकाळी घरी बायको शिवणयंत्रापाशी बसली होती. झगा उसवून त्याचं कापड तिने सरळ केलं होतं.

"किती?" तिने विचारलं.

"एकशे त्रेसष्ट रिपोर्ट."

"मी रिपोर्ट नाही विचारले."

मास्तरांनी ते लॅबमध्येच वेगळं काढून ठेवलं होतं. काही पुरुष दोनदा आले होते, काही तीनदा, त्यांच्यासारखे. "एकशे एकवीस जणी."

"आणि त्याआधीची सतरा वर्षं?"

"ती रजिस्टरं नाहीत आता."

ती दोरे वेचत राहिली. मास्तर तिथेच, दारात, हातातली पिशवी खाली न ठेवता उभे होते. थोड्या वेळाने ती म्हणाली, "पिशवी तरी ठेवा," आणि यंत्र चालू केलं.

पुढच्या आठवड्यात ते दोघं डॉक्टरीणबाईंकडे गेले. या वेळी बाईंनी खुर्ची मास्तरांकडे वळवली. साखर, रक्तदाब, झोप, गोळी बदलता येते का, आणखी दोन नमुने, दुसऱ्या लॅबमधून. घरातलंही विचारलं, सगळंच. मास्तरांनी उत्तरं दिली. बायको शेजारी बसून खिडकीबाहेर बघत होती, पण प्रत्येक उत्तर ऐकत होती. एका ठिकाणी मास्तर "कधी कधी" म्हणाले, तेव्हा ती बाहेरच बघत म्हणाली, "निम्म्या वेळी."

महिन्याची तारीख आली. सकाळी मास्तर पाणी भरत होते. न्हाणीघराचं दार उघडलं. ती केस पुसत बाहेर आली.

"आली," ती म्हणाली.

मास्तरांचा हात वाहत्या नळावरच थांबला. चौदा महिने या शब्दामागून दुसरा शब्द यायचा. आज आला नाही. तिने टॉवेल दोरीवर टाकला, चिमटा लावला, दुसरा चिमटा लावला.

"सॉरी," मास्तर म्हणाले.

तिने वळून पाहिलं. आधीच्या सगळ्या वेळी ते काय म्हणायचे ते दोघांनाही माहीत होतं. असू दे गं. ती ते म्हणाली नाही.

"हं," ती म्हणाली. "बादली भरून वाहतेय, ती आधी उचला."